रुमालाखालचा शब्द

कुंभार पिंपळगावच्या बैलबाजारात संपत दलालाला ओळखत नाही असा माणूस बाहेरगावचाच असणार. अंगानं काटकुळा, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर धुवून धुवून विटलेला तांबडा रुमाल आणि तोंड सदा चालू. पण त्याचा खरा धंदा तोंडाचा नव्हता, हाताचा होता. बैलाचा भाव या बाजारात चारचौघांत बोलत नाहीत. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली हात हातात घेतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. वर तोंडानं सोयऱ्याधायऱ्यांच्या गप्पा चाललेल्या असतात आणि शेजारी उभा असलेला माणूस नुसता रुमालाकडे बघत राहतो. जमलं की मनगट धरायचं. मनगट धरलं की सौदा पक्का. मग कुणी दुप्पट देऊ केले तरी बैल त्याचाच.

या रुमालावर संपतचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. छप्पन सालानंतर त्याच्या बापानं बुद्धाची वाट धरली, तेव्हा गावातली बरीच घरं अशी होती की बापाला पाणी वरून ओतून प्यायला द्यायची. त्याच घरांतली माणसं बाजाराच्या दिवशी बापाचा हात हातात धरून अर्धा अर्धा तास बसायची, कारण बैल घ्यायचा तर दुसरा इलाजच नव्हता. बाप म्हणायचा, "रुमालाखाली हाताला जात नसती, शब्द असतो." संपतनं ते पाटीवर लिहावं तसं मनावर लिहून ठेवलं. त्याच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात मनगट धरून फिरलेले गडी दोनच. दोघांची नावं अजून बाजारात घेतात, आणि ती कशी घेतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाची पोरगी व्हिडिओ गेम करायला लागली.

साक्षी शिकली, पुण्याच्या एका गेम कंपनीत दोन वर्षं चित्रं काढली आणि एके दिवशी नोकरी सोडून जालन्याला आली. मस्तगडात एका बॅटरीच्या दुकानावर तिनं खोली घेतली, तिथं दोन कॉम्प्युटर मांडले आणि स्वतःचा गेम करायला बसली. तिची आई कांताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लोकाच्या पोरी कंपनीत लागतेत, आमची कंपनी सोडून खेळून राह्यली." पण संपत पोरीच्या बाजूनं होता. का नसावा? गेम त्याचाच होता. साक्षी वही घेऊन त्याच्यापुढं बसली होती आणि जी बोटांची भाषा त्यानं कुणाला शिकवली नव्हती, ती सगळी त्यानं तिला शिकवली होती.

गेमचं नाव तिनं 'रुमाल' ठेवलं. दोन खेळाडूंनी समोरासमोर बसायचं. प्रत्येकाच्या हातात तो खेळायचा रिमोट, आणि दोघांच्या हातांवर एक कापड. पडद्यावर बाजार, बैल, धूळ, माणसं सगळं दिसतं. भाव मात्र कुठंच दिसत नाही. तो रिमोट हातात थरथरतो, कधी करंगळीखाली, कधी अंगठ्याखाली, आणि त्या थरथरीवरून समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. खोटं बोलायचं, खोटं पकडायचं आणि तोंड मात्र सरळ ठेवायचं. संपत पहिल्यांदा खेळला आणि पोरीकडून तीन बैल हरला. त्या दिवशी त्यानं सबंध गल्लीला जिलबी वाटली.

अडचण एकच होती. हा गेम दाखवता येत नव्हता. साक्षीनं त्याचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला, तर लोकांना काय दिसलं? दोन माणसं कापडाखाली हात घालून बसलीत. एकानं खाली विचारलं, थंडी वाजून राह्यली का? तिनं पंधरा-वीस कंपन्यांना लिहिलं. एकीचंही उत्तर आलं नाही. सगळी गंमत हातात होती, आणि हात काही चित्रात दिसत नाही. म्हणून तिनं ठरवलं, हैदराबादला गेमांचा मेळा भरतो तिथं एक टेबल घ्यायचं. तीन दिवसांचा मेळा. पोरं, बाप्ये, बाया तिकीट काढून येतात, नवे गेम हातात घेऊन बघतात, आणि गेम विकणाऱ्या कंपन्या त्या गर्दीत हिंडत असतात. या धंद्यातली मोठी माणसं म्हणे दर वर्षी वाद घालतात की आता मेळे हवेत कशाला, घरबसल्या व्हिडिओ टाकला की लाख लोक बघतात. त्या शहाण्यांना एकदा बैलबाजारात आणून उभं करायला पाहिजे. भाव फोनवर घरी कळतो, तरी शेतकरी बाजाराला येतोच ना? दात मोजल्याशिवाय बैल कोण घेतो?

समोर बसून खेळायला कुणीतरी लागणार होतं, म्हणून संपत बरोबर गेला. टोपी, धोतर आणि खांद्यावर तोच रुमाल.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याकडे कुत्रं फिरकलं नाही. टेबल अगदी कडेला होतं, मुतारीच्या वाटेवर. मोठ्या कंपन्यांच्या मांडवात दिवे नाचत होते, आणि बापलेक एका कापडाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे बघत होते. मग संपतला राहवेना. तो उठला, मुतारीकडे निघालेल्या एका पोराचा हात धरला आणि आपल्या बाजारातल्या दखनीत म्हणाला, "आओ मियाँ, बैठो. तुमारे बैल का भाव बोलता मैं." ते पोरगं हसत बसलं आणि अर्धा तास उठेना. त्याचे दोस्त आले. संध्याकाळी रांग मुतारीच्याही पलीकडे गेली, आणि रांग कशाची आहे तेच लोकांना कळेना. साक्षी मागं उभी राहून वहीत लिहीत होती, कुठं लोक अडतात, कुठं हसतात, कुठं रिमोट हातातून सुटतो. म्हणाली, "बाबा, दोन वर्षांत मला कळलं न्हाई ते आज कळून राह्यलं." संपतची छाती फुगली. गेमवर घातलेली पोरीची दोन वर्षं पणाला लागलीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. या तीन दिवसांत कुणी गेम उचलला तर उचलला, नाहीतर परत पुण्याला जाऊन लोकांची चित्रं काढायची.

दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकं आली. एक सत्यशीला नावाच्या बाई, बंगळुरूच्या एका लहान कंपनीच्या. त्या रांगेत उभ्या राहून खेळल्या, दोनदा हरल्या, मग साक्षीला बाजूला घेऊन तासभर बोलल्या. त्यांच्याजवळ कागद तयार होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की सही मेळा उठायच्या आत व्हावी. रांग उभी आहे तोवर वरच्यांना रांग दाखवता येते. मेळा उठल्यावर काय दाखवायचं? संपतला हे बोलणं बराबर समजलं. बाजाराच्या दिवशी न विकलेलं जनावर घरी नेलं, की दुसऱ्या दिवशी त्याला कुणी निम्मा भावही विचारत नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सोमेश्वर. कुंभार पिंपळगावच्या काकासाहेबांचा थोरला मुलगा. काकासाहेब म्हणजे गावातलं जुनं जमीनदार घर, आणि संपतचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. सोमेश्वर पुण्याच्या एका मोठ्या गेम कंपनीत साहेब होता. परमुलखात आपल्या गावचा माणूस दिसला की संपत विरघळायचाच. त्यात सोमेश्वर वाकून पाया पडला. संपतनं त्याला दोन्ही हातांनी धरून उठवलं. त्या घरातला माणूस आपल्या पाया पडल्याचं त्याच्या बापाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"काका, तुमी तर मेळा लुटला," सोमेश्वर म्हणाला. "आमचा एवढा मोठा मांडव, न् तिथले लोकं इथं येऊन राह्यले."

"बसता का भाऊ?"

"बसतो की. लहानपणी तुमच्या रुमालाखाली डोकावताना वडलांचा मार खाल्लाय मी."

साक्षी तेव्हा जेवायला गेली होती. सोमेश्वर खेळला आणि बऱ्यापैकी खेळला. खेळ संपला, पडद्यावर नुसता रिकामा बाजार राहिला. तेव्हा त्यानं रिमोट बाजूला ठेवला, कापडाखाली संपतचा हात धरला आणि हळूच म्हणाला, "काका, खेळ झाला. आता खरं." आणि बोटं दाबली. आकडा मोठा होता, संपतला वाटला त्याहून मोठा. संपतनं एक बोट वाढवलं. सोमेश्वरनं तेही मान्य केलं. आणि मग त्यानं मनगट धरलं, चांगलं घट्ट, बाजारात धरतात तसं.

"कागद पुण्याहून येईल. तवर दुसऱ्या कुनाला शब्द देऊ नका," एवढं बोलून तो गेला.

संपत काय हवेत तरंगत होता म्हणता. दहा मिनिटांनी सत्यशीलाबाई विचारायला आल्या, तर त्यानं त्यांना हात जोडले आणि सांगून टाकलं, "बाई, सौदा हो गया. माफ करो." बाईंनी साक्षीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि त्या गेल्या.

साक्षी जेवून आली तेव्हा तिला हे कळलं. तिचं तोंड उतरलं. "कागद कुठं हाय बाबा?"

"कागद? अगं, मनगट धरलंय त्यानं."

"मी बाईंना गाठून येते."

"बिलकुल न्हाई," संपत म्हणाला. "मनगट धरल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागं पळायचं? मंग मी बाजारात तोंड कुठं दाखवू? आन् सोमेश्वर काय परका हाय?"

साक्षीनं रांगेतल्या पुढच्या पोराच्या हातात रिमोट दिला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा वही घेऊन मागं उभी राहिली, पण लिहिलेलं काही दिसत नव्हतं. संध्याकाळी मांडव उतरले, रांग मोडली, बापलेक रेल्वेनं जालन्याला आले.

कागद आला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. संपत रोज फोन करायचा. आधी सोमेश्वर म्हणायचा, येऊन राह्यलाय काका. मग म्हणायला लागला, वरचे साहेब बाहेरदेशी गेलेत. मग त्यानं फोन उचलणंच सोडून दिलं. तिकडं साक्षीनं सत्यशीलाबाईंना कळवून बघितलं. त्या चांगल्या शब्दांत बोलल्या, पण त्यांची या वर्षीची जागा त्याच मेळ्यात दुसऱ्या कुणाच्या गेमनं घेतली होती. तिसरा महिना लागला आणि सोमेश्वरच्या कंपनीनं आपल्या नव्या गेमची जाहिरात केली. फोनवरचा गेम होता. बाजार होता, बैल होते, आणि भाव कळायला फोन हातात थरथरत होता. कापड तेवढं नव्हतं.

संपतनं ती जाहिरात दुसऱ्याच्या फोनवर तीनदा बघितली. त्याला आधी राग आलाच नाही. त्याला लाज वाटली, भर बाजारात धोतर सुटल्यासारखी. राग नंतर आला, आणि आला तो उतरेना. कुणी परक्यानं लुटलं असतं तर त्यानं नशिबाला दोन शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसला असता. पण ज्याला मनगटाचा अर्थ आईच्या दुधाबरोबर कळला, त्यानं ते धरून सोडलं. ही फसवणूक संपतला गिळता येईना.

पुढच्या महिन्यात सोमेश्वर मुलाच्या जावळासाठी गावी आला. मांडवात जेवणं उरकली तेव्हा संपत तिथं गेला. काकासाहेब खुर्चीवर बसले होते, शेजारी सोमेश्वर. संपतनं रामराम घातला नाही.

"भाऊ, तुमी मनगट धरल्तं."

सोमेश्वरनं इकडंतिकडं बघितलं. "काका, तो गेम होता. गेममधलं बोलणं कंपनी धरत न्हाई."

"खेळ झाला, आता खरं, असं म्हणल्ते तुमी."

"म्हणलो असन." मग त्याचा आवाज खाली आला. "मला वरून सांगितल्तं काका. आमचा गेम आधीपासून चाललेला. मेळा उठेस्तोवर तुमचा त्या बाईच्या हाती जाऊ द्यायचा न्हाई, एवढंच काम होतं माझ्याकडं. नोकरी हाय माझी."

म्हणजे तो घ्यायला आलाच नव्हता. बाजाराचा दिवस तेवढा काढायला आला होता. जनावर न विकता घरी गेलं की मेलं, हे त्याला संपतइतकंच ठाऊक होतं, आणि तेच त्यानं वापरलं होतं. संपतनं काकासाहेबांकडे बघितलं. तीस वर्षं हा माणूस आपला हात धरत आला, आता तरी एक शब्द बोलेल, असं त्याला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

काकासाहेब म्हणाले, "संपत, पोरांचे धंदे निराळे असतेत. जेवून घे, पंगत बसून राह्यली."

संपत जेवला नाही.

घरी आला तो बडबडतच. साक्षी मस्तगडची खोली रिकामी करून दोन दिवसांसाठी गावी आलेली होती, कांताबाई तिच्याबरोबर डाळ निवडत बसली होती. संपतनं दोघींना सगळं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द, मधे मधे शिव्या घालून. उद्या भर बाजारात त्याचं नाव घेतो, बापाचंही घेतो, पुन्हा या घरातला हात आपल्या रुमालाखाली आला तर टोपी काढून ठेवीन, असं बरंच काही. साक्षीही आता आपल्यासारखी पेटून उठेल, अशी त्याची खात्री होती.

साक्षीनं सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "बाबा, त्यानं फसवलं ते फसवलंच. मी त्याला माफ करणार न्हाई. पण एक विचारू?"

"इचार की."

"बैलाच्या सौद्यात मनगट धरायच्या आधी तुम्ही मालकाचा हात धरता ना?"

"धरतो म्हंजे? मालकानं व्हय म्हणल्याबिगर दलालाला काय अधिकार हाय?"

"मालक लहान असला तरी? बाई असली तरी?"

"कुणी का असंना. नंदाबाईची गाय इकली तवा तिचा हात धरल्ता मी, समद्या बाजारासमोर. लोकं हसले तर हसू दिले."

"मंग हैदराबादला माझा का न्हाई धरला?"

डाळ निवडणारे कांताबाईचे हात थांबले. "तू माझी पोरगी हायस," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारून राह्यले." साक्षीचा आवाज चढला नाही. तिनं ही गोष्ट चार महिने पोटात ठेवली होती, आणि आता ती शांतपणे बाहेर येत होती. "जेवायला जाताना मी ठरवून गेल्ते. बाईंना होय म्हणायचं. परत येऊन तुम्हाला सांगणार होते. मी आले तर माझं जनावर तुम्ही इकून बसले होते. आणि मी बाईंच्या मागं निघाले तर तुम्ही म्हणाले, मी बाजारात तोंड कुठं दाखवू."

संपतजवळ सोमेश्वरसाठी शिव्यांचा मोठा साठा होता, काकासाहेबांसाठीही होता. इथं त्यातली एकही कामाची नव्हती. दगा काय असतो हे आपल्याला पुरतं कळलं, असं त्याला चार महिने वाटत आलं होतं. पोरीलाही तो तेवढ्याच दिवसांपासून कळत होता, आणि तिला दोन माणसांनी दिला होता.

"सोमवारपासून मी पुण्यात कामाला चालले," साक्षी म्हणाली. "जुनीच कंपनी हाय. हैदराबादच्या मेळ्याचा अर्ज भरलाय. जानेवारीत टेबल मिळालं तर रजा काढून जाईन."

"समोर बसायला माणूस लागंल ना तुला?"

"लागंल. मी बघते कुणीतरी."

संपतनं मान हलवली. कांताबाईनं सूप उचललं, पण तिला पुढं कुठं जायचं ते सुचेना आणि ती तशीच हातात सूप घेऊन बापलेकीच्या मधे उभी राहिली.